दारूचं वय 25 आहेच, पण विचारतंय कोण?

मंडळी, पोरं पिऊन गाडी चालवताना दिसली की "दारूचं वय वाढवा" ही मागणी हमखास होते. पण महाराष्ट्रात ते आधीच 25 आहे, सौम्य बिअरला 21. 2011 च्या राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणातही हेच आकडे होते. मतदान 18 ला, दारू 25 ला. आता आणखी किती वाढवणार?

जरा आपला इतिहास बघू.

1892 साली इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. आपलं महाड तेव्हा कुलाब्यात. घरोघरच्या भट्ट्यांमुळे सरकारचा अबकारी महसूल बुडत होता, खरी चिंता त्याची होती.

1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक आहे. पण 19-20 मार्चच्या त्याच महाडच्या परिषदेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली, सरकारने दारूबंदी करावी आणि मोफत, सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्यावं, अशाही मागण्या झाल्या. ही मागणी खालून आली होती. दारूपायी घर कसं बसतं, हे रोज बघणाऱ्यांची ती होती.

पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली, हातभट्टी मात्र फोफावली. साठच्या दशकात सरकारनं परवाने देऊन बंदी सैल केली. आजही कागदावर प्यायला परवाना लागतोच. किती जणांच्या खिशात असतो?

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गालगतची दुकानं बंद झाली. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या महाड-पोलादपूरकरांना ते दिवस आठवत असतील. नंतर शहरांच्या हद्दीत सूट मिळाली.

माझं म्हणणं एवढंच, की आकडा वाढवून काही होत नाही. हातभट्टीवाला आधारकार्ड मागत नाही, आणि दुकानातही ते मागितलं जात नसेल तर 25 काय नि 30 काय! लोकांच्या हातात मात्र एक हत्यार आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकानासाठी मतदान घेता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. हातभट्टीसाठी मात्र पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याच्याच मागे लागावं लागेल.

येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा: आपल्या हद्दीत वय तपासतं कोण? आणि गेल्या वर्षभरात किती जणांवर कारवाई झाली? उत्तर लेखी मागा.