असली नर्फ, नकली नर्फ आणि आमची एसएलआर

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. मुलांच्या खेळण्यातली फोमच्या गोळ्यांची बंदूक. पण फौजेत उमर काढलेल्या माणसाच्या हाती कुठलीही बंदूक आली, की ती खोलून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

निवृत्तीनंतर मी बंगळुरूला, बोम्मसंद्रात मुलाकडे राहतो. होसूर रोडवरची ही औद्योगिक वसाहत. ऑगस्ट 2025 पासून पिवळ्या मार्गाची मेट्रो इथपर्यंत येते. नातवाच्या नवव्या वाढदिवसाला मुलानं मॉलमधून असली नर्फ आणली, दीड हजाराची. त्याच्या मित्रालाही हवी म्हणून मी आठवडी बाजारातून (इथे त्याला संते म्हणतात) साडेतीनशेची आणली. रंग तोच, आकार तोच. बनवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

पार्किंगमध्ये वीस पावलांवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवून दोन्हींतून दहा-दहा गोळ्या मारल्या. असलीच्या सात लागल्या, नकलीच्या चार. पण नकलीची गोळी पाच-सहा पावलं लांब गेली. नातू म्हणाला, "आजोबा, तुमचीच भारी!"

असं का झालं? दोन्ही खोलल्या. आतली रचना एकच. सरकपट्टी मागे ओढली की दट्ट्या मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की दट्ट्या सुटतो आणि नळीतली हवा गोळीला ढकलते. फरक दोन ठिकाणी. असलीत नळीच्या तोंडाशी एक छोटी झडप होती. गोळी नसेल तर ती हवा अडवते, आणि त्यात थोडा जोर खर्ची पडतो. नकलीत झडपच नव्हती, शिवाय स्प्रिंग जाड. म्हणून पल्ला जास्त. पण दट्ट्याची रबरी कडी सैल, गोळ्याही एकसारख्या नाहीत, म्हणून नेम कमी.

आता थोडा इतिहास. 1969 मध्ये रेन गायर या अमेरिकन माणसानं घरात खेळता येईल असा फोमचा चेंडू पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला. 1970 मध्ये तो 'नर्फ' नावानं बाजारात आला. घरातलं काही फुटणार नाही, कुणाला लागणार नाही, ही त्याची जाहिरात. बंदूक आली 1989 मध्ये, तीही फोमचे गोळे उडवणारी. 1991 मध्ये हा सगळा धंदा हॅस्ब्रोकडे गेला, आणि लांबट गोळ्यांच्या बंदुका त्यानंतर आल्या.

'असली'च्या घरातही भांडणं होतीच. पाण्याची प्रसिद्ध पिचकारी सुपर सोकर शोधणारे लॉनी जॉन्सन हे नासात काम केलेले अभियंते. फोमच्या बंदुकांतही त्यांच्या कल्पना होत्या. रॉयल्टी कमी मिळाली म्हणून ते लढले आणि 2013 मध्ये लवादानं हॅस्ब्रोला त्यांना सुमारे 7 कोटी 30 लाख डॉलर द्यायला लावले. म्हणजे असली मालावरही मूळ माणसाचा हक्क आपोआप पोचतो असं नाही.

आणि आपण फौजींनी नकलेला नाक मुरडावं का? मी ज्या रायफलीवर नेम शिकलो ती 7.62 एसएलआर. तिचं मूळ बेल्जियमच्या एफएन कंपनीची 'फाल'. परवान्याची बोलणी कंपनीच्या अटींवर अडली. तेव्हा आज पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई या संस्थेच्या अभियंत्यांनी परदेशी नमुने खोलून, मापं घेऊन आपली रायफल आखली आणि ती इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. एफएननं हरकत घेतली, पुढे समझोता झाला. 1962 च्या युद्धात आपल्या बहुतेक जवानांच्या हाती जुनी थ्री-नॉट-थ्री होती. त्यानंतरच्या दोन युद्धांत ही 'नक्कल' कामाला आली. मी ती चिखलात, बर्फात वापरली आहे. तिनं मला कधी दगा दिला नाही.

हे सगळं मी नातवाला अभिमानानं सांगितलं. "नक्कल म्हणजे वाईट असं नाही, बाळा."

चौथ्या दिवशी त्याच्या मित्राच्या हातून सुटलेली गोळी माझ्या सौभाग्यवतींच्या गालावर बसली, डोळ्याच्या बोटभर खाली. गाल काळानिळा झाला. गोळीचं टोक मी दाताखाली धरून बघितलं. असलीचं दबतं, हिचं दबलंच नाही. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये अशा बंदुकांनी डोळ्यात रक्तस्राव झालेले तीन रुग्ण नोंदवले होते. दुसऱ्या कुणी बनवलेल्या गोळ्यांची टोकं जास्त कडक असू शकतात, हेही त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे असली हाती असली तरी चेहऱ्यावर रोखायची नाहीच.

त्या रात्री मला माझी चूक कळली. आमची रायफल नक्कल होती, पण कारखान्यातून निघण्याआधी तिची नळी जादा दाबाच्या काडतुसानं तपासली जायची. तिच्यावर कारखान्याचा शिक्का असायचा, नंबर असायचा. बिघडली तर कुणाला विचारायचं ते ठाऊक होतं. बाजारातल्या त्या बंदुकीवर काहीच नव्हतं. दोष नकलेचा नाही. ती कुणी तपासली नव्हती आणि तिची जबाबदारी घेणारा कुणी नव्हता, दोष तिथे होता. आणि बंदूक हाती देण्यापूर्वी तपासायची, हे आयुष्यभर रंगरूटांना शिकवणारा मी, नातवाच्या वेळी विसरलो.

सरकारनं 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं आहे. चिन्हासोबत सीएम/एल हा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो टाकला की बनवणाऱ्याचं नाव दिसतं. ब्रँड परदेशी असो की देशी, महाग असो की स्वस्त, एवढं अर्ध्या मिनिटात तपासता येतं.

साडेतीनशेची ती बंदूक मी मोडून टाकली. त्या मित्राला दुसरी घेऊन दिली, देशी कंपनीची, चिन्ह आणि क्रमांक पाहून. सोबत दोघांना स्वस्तातले गॉगलही. नातू कुरकुरला, "आजोबा, ही लांब जात नाही." मी म्हटलं, "तुझी आजी जवळच बसते."

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.