बायोप्सी निर्दोष, पण निकाल अपुरा

स्वरयंत्रातल्या गाठीचा तुकडा तपासला, त्यात कॅन्सर सापडला नाही, म्हणजे कॅन्सर नाहीच, असे सर्रास मानले जाते. या समजुतीला आधार आहे. स्वरयंत्राचे सुमारे ९५ टक्के कॅन्सर स्क्वॅमस जातीचे, म्हणजे वरच्या अस्तरातूनच उगवणारे असतात; ते लहानशा तुकड्यातही बहुधा सापडतात. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा आणि काही फसव्या स्क्वॅमस प्रकारांचा.

जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या घशातून ब्रिटिश घसातज्ज्ञ मोरेल मॅकेंझी यांनी १८८७ मध्ये काढलेले तुकडे खुद्द नामवंत पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिरखो यांनी तपासले. कॅन्सर दिसला नाही आणि शल्यचिकित्सक बर्गमन यांनी सुचवलेली शस्त्रक्रिया बारगळली. १५ जून १८८८ रोजी, सम्राटपदाच्या ९९ व्या दिवशी, फ्रेडरिक वारले. शवविच्छेदनात कॅन्सरच निघाला. ती गाठ व्हेरुकस प्रकारची असावी, असे काही अभ्यासक मानतात. या प्रकारात वरचा थर चामखिळीसारखा निरुपद्रवी दिसतो. खरे रूप कळते ते तळाशी. आपला निष्कर्ष हाती आलेल्या तुकड्यांपुरता आहे, संपूर्ण रोगाबद्दल त्यावरून खात्रीने सांगता येणार नाही, असे फिरखोंनी तेव्हाच लिहून ठेवले होते. ऐकणाऱ्यांनी ती मर्यादा गाळली.

कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सरही असाच चकवतो. तो बहुधा क्रिकॉइड कूर्चेच्या मागच्या भागात वाढतो आणि वरचे अस्तर शाबूत राहते. साहजिकच चिमट्यात येते ते निरोगी अस्तर. सीटी स्कॅनमध्ये मात्र फुगलेली कूर्चा आणि तिच्यातले कॅल्शियमचे ठिपके दिसतात.

एवढ्या विरळ रोगासाठी प्रत्येकाची खोल बायोप्सी करायची काय, असा आक्षेप येईल. तशी गरज नाही. दुर्बीण, स्कॅन आणि पॅथॉलॉजीचा अहवाल एकमेकांशी जुळत नसतील, तिथेच पुन्हा, खोलवरचा तुकडा घ्यावा.

हा काटेकोरपणा केवळ रोगाला नेमके नाव देण्यासाठी नाही; उपचार त्यावरच ठरतात. कमी आक्रमक कॉन्ड्रोसार्कोमा शस्त्रक्रियेने काढताना पुष्कळदा स्वरयंत्र वाचवता येते. प्लाझ्मासायटोमाला, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या गाठीला किरणोपचार पुरतात, पण शरीरात इतरत्र मायलोमा, म्हणजे त्याच पेशींचा पसरलेला कॅन्सर नाही ना, हे आधी पाहावे लागते. स्मॉल सेल कॅन्सरला केमोथेरपी आणि किरणोपचार लागतात. लिम्फोमासाठी स्वरयंत्र काढण्याचे कारणच नसते. निदान चुकले तर एकाचा आवाज नाहक जातो आणि दुसऱ्याचा रोग आत वाढत राहतो. म्हणून अहवाल निर्दोष आल्यावरही घोगरेपणा किंवा धाप वाढतच असेल, तर फाईल बंद न करता तपास पुढे न्यावा, हाच शास्त्राला धरून असलेला मार्ग आहे.