बेताल नाडी आणि लकवा: वऱ्हाडातून दिसणारा एका उपचाराचा इतिहास

हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे कर्णिका, ठरलेल्या तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले की त्या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कर्णिकांत मिनिटाला 350 ते 600 वेळा विद्युत्-लहरी उठतात. त्यांपैकी थोड्याच खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात, त्याही कशाही. म्हणून मनगटावर बोटे ठेवली तर एक ठोका जोरकस लागतो, पुढचा जेमतेम, आणि दोहोंतले अंतर दर वेळी निराळे. काहींना धडधड होते, दम लागतो. कित्येकांना काहीच जाणवत नाही. खरा धोका दुसरीकडे असतो. डाव्या कर्णिकेला जोडलेल्या लहानशा पिशवीत रक्त साचून गुठळी धरते, ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकते आणि लकवा मारतो.

नाडी चुकते हे आयुर्वेदाला ठाऊक होते. शार्ङ्गधर संहितेत नाडीच्या गतीला साप, बेडूक, हंस यांच्या चालीच्या उपमा आहेत आणि थांबत थांबत चालणारी नाडी प्राणघातक मानली आहे. अर्धांगवायूचे वर्णन वातविकारांत स्वतंत्रपणे येते. या दोहोंचा एकमेकांशी संबंध मात्र जोडला गेला नाही, आणि युरोपातही तो जोडायला विसावे शतक बरेचसे सरावे लागले.

विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्याच कुळातल्या वनस्पतीपासून निघालेले डिगॉक्सिन हे पुढे अशा रोग्यांचे मुख्य औषध ठरले. ईसीजी यंत्र आल्यावर 1909 मध्ये लंडनच्या टॉमस लुईस यांनी रोग्यांमधली बेताल नाडी म्हणजे कर्णिकांचीच थरथर असल्याचे दाखवले. डिगॉक्सिनने नाडीचा वेग आटोक्यात येई, दम कमी होई, रोगी बरा दिसू लागे. गुठळी मात्र धरायची ती धरतच राही. नाडी ताब्यात आली म्हणजे रोग ताब्यात आला, हा समज डॉक्टरांतही बराच काळ टिकला.

गुठळी रोखणारे औषध आले ते गोठ्यातून. 1920 च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानी भागात बुरशी आलेला ‘स्वीट क्लोव्हर’ चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले डायकुमॅरॉल वेगळे केले. त्याच कुळातले वॉरफरिन 1948 मध्ये बाजारात आले, तेही उंदीर मारण्यासाठी; माणसांसाठी त्याचा वापर 1950 च्या दशकात सुरू झाला. ते कोणाला द्यायचे, हा प्रश्न राहिलाच होता. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ पाहणीने 1978 मध्ये त्याला आकडा दिला: या विकारात लकव्याचा धोका पाच पटींहून अधिक, आणि संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली असेल तर सतरा पटींहून अधिक. 1989 पासूनच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की वॉरफरिनने लकव्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातला सतरा पटींचा आकडा महत्त्वाचा आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, ते विसरले जाते, आणि ऐन तिशीत मायट्रल झडप आवळलेली निघते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी 1950 च्या दशकात अशा झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्याच केईएमशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. उतारवयातल्या एट्रियल फिब्रिलेशनमागे रक्तदाब हे मोठे कारण असल्याने ते कामही या इतिहासातच मोडते. भारतातल्या 24 केंद्रांवरच्या 1,537 रोग्यांच्या नोंदीत जवळपास निम्म्यांना झडपेचा संधिवाती आजार निघाला आणि सरासरी वय पंचावन्नच्या आसपास. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने सत्तरी ओलांडलेल्यांचा रोग आहे.

म्हणूनच पुढे आलेल्या, वारंवार रक्ततपासणी न लागणाऱ्या डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन या गोळ्यांनी इथला प्रश्न अर्धाच सुटला. 2022 च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत साडेचार हजारांहून अधिक संधिवाती रोग्यांमध्ये जुनी वॉरफरिनच्या कुळातली औषधे रिव्हरॉक्साबॅनपेक्षा सरस ठरली. जुने औषध म्हणजे जुना जाचही आलाच.

वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या गावात हा जाच नेमका कळतो. ‘रक्त पातळ करायची गोळी’ रोज घ्यायची आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) तपासून आकडा बहुधा 2 ते 3 मध्ये ठेवायचा. कमी भरला तर गुठळीची भीती, वाढला तर हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त. मेथी, पालक अशा भाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने हा आकडा खाली येतो, म्हणून पालेभाजी बंद करायची नाही, पण रोज साधारण सारखीच खायची. झडपेच्या तरुण रोग्याला शिवाय ‘एकवीस दिवसांचे इंजेक्शन’, म्हणजे पेनिसिलिन, असते. गोळी गावात मिळू शकते. तपासणीसाठी चिखली, मेहकर किंवा जालन्याची वाट धरावी लागते. मजुरी बुडते आणि मग तपासणीच्या तारखा टळत जातात.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, ‘सर्च’ संस्थेने 86 गावांची पाहणी केली. तिथल्या मृत्यूंच्या कारणांत लकवा पहिला निघाला, 14.3 टक्के, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू घरीच झाले. मृत्यूनंतर घरच्यांना विचारून कारण ठरवण्याच्या या पद्धतीत त्या माणसाची नाडी कशी चालत होती, हे कळण्याची सोय नसते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत आणि सीटी स्कॅननंतरच देता येते, त्यामुळे खेड्यात भर द्यायचा तो आधीच नाडी आणि रक्तदाब तपासण्यावर. अशा उपचारांच्या सोयी जवळ यायला इकडे वऱ्हाडातही उशीरच झाला: बुलढाणा जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मान्यता मिळाली ती 2024 मध्ये, शेजारच्या जालन्याबरोबरच.