वाट पाहण्याचा भाव

पुण्यातल्या एका गेम कंपनीत मी कोष्टकं भरतो. चित्रं काढणारे वेगळे, कोड लिहिणारे वेगळे. तलवार किती रत्नांना द्यायची आणि खेळाडूला किती तास ताटकळत ठेवायचं, हे माझं काम. गेम फुकट वाटून तुमचं पोट कसं भरतं, असं नातेवाईक विचारतात. ही रीत आयफोनबरोबर आली, असं बहुतेकांना वाटतं. पण ती त्याहून जुनी आहे.

दक्षिण कोरियातल्या नेक्सॉन कंपनीने १९९९ मध्ये क्विझक्विझ नावाचा प्रश्नमंजुषेचा ऑनलाइन खेळ काढला. मासिक वर्गणी लावली आणि खेळाडू पांगले. २००१ मध्ये वर्गणी रद्द करून कंपनीने खेळातल्या पात्रांचे कपडे आणि साजशृंगार विकायला काढला. बसलेला धंदा उठवायची ती धडपड होती. धूर्तपणा नंतर आला. त्यांच्याच मेपलस्टोरीच्या जपानी आवृत्तीत २००४ मध्ये 'गाचापोन' आलं: पैसे टाकायचे, आतून काय निघेल ते नशीब. नाणं टाकलं की खेळण्याची डबी देणारी यंत्रं जपानी पोरांच्या ओळखीचीच होती. हा प्रकार इतका फोफावला की ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस देणारा 'कोम्पु गाचा' मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने बेकायदा ठरवला.

ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं, तेव्हा गेम एकतर विकत, नाहीतर सपशेल फुकट. पुढच्या वर्षी खेळाच्या आत विक्रीची सोय झाली, तीही आधी फक्त विकतच्या ॲपना. फुकट ॲपना ती ऑक्टोबर २००९ मध्ये मिळाली. तेव्हा प्रत्येक विक्रीतले तीस टक्के ॲपलचे. माझ्या पगाराचा उगम मी त्या ऑक्टोबरात धरतो.

ज्या कोष्टकावरून माझ्यासारखे अजून गिरवतात, ते फिनलंडच्या सुपरसेलने २०१२ मध्ये 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'साठी मांडलं. बांधकाम लगेच उरकायचं तर एका मिनिटाला एक रत्न. त्या हिशेबाने तासाला साठ व्हायला हवीत; घेतात वीस. दिवसाला २६०, आठवड्याला १०००. म्हणजे ठोक घेणाऱ्याला सवलत, आणि विकायला काय, तर वाट न पाहण्याची मुभा! खेळाडूचं गाव लहान असतं तेव्हा इमारती मिनिटांत उभ्या राहतात, गाव वाढलं की दिवस लागतात. तोवर सवय लागलेली असते. त्यात मधे पैशांनी विकत घ्यायची रत्नं आणून ठेवलेली. मेसचं कुपनबुक घेताना पैसे एकदाच मोजतो, मग रोज कुपन फाडताना काही वाटत नाही, तसंच हे. पाचशेच्या पाकिटातली ४७० खर्चली की उरलेल्या तिसांत मोठं काही येत नाही. पुढचं पाकीट आलंच. बहुसंख्य खेळाडू छदामही देत नाहीत, गल्ला भरतात ते मूठभर. धंद्यात त्यांना 'व्हेल' म्हणतात. बैठकीत मी तो शब्द टाळतो. त्यांचा रकाना मात्र मीच भरतो.

अमेरिकेत बोभाटा झाला तो लहान मुलांमुळे. पासवर्ड एकदा टाकला की पंधरा मिनिटं पुन्हा विचारला जात नसे, तेवढ्यात पोरं आईबापांचे डॉलर उधळून मोकळी. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करून किमान ३.२५ कोटी डॉलर परत करायचं कबूल केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टोअरमधल्या बटणावरचं 'फ्री' जाऊन 'गेट' आलं.

आपल्याकडच्या पोरांकडे कार्डच नव्हतं. २०१५ मध्ये गुगलने प्ले स्टोअरवरची भारतातली किमान किंमत ५० वरून १० रुपयांवर आणली, २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. दुकानात रोख द्यायची आणि गुगल प्लेचा रिडीम कोड घ्यायचा. माझ्या भाच्याचे खाऊचे पैसे त्याच वाटेने गेले. मी त्याला आमचा सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवला होता. त्याने तो नीट समजून घेतला आणि मग विचारलं, "मामा, तुमच्या गेमचे कोड फुकट मिळतील का?"

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीवर बंदी घातली. ३० ऑक्टोबरला इथले सर्व्हर थांबले आणि विकत घेतलेल्या पोशाखांसह भाच्याचं खातं मुकं झालं. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, तेव्हा भाच्याने आधी जुने पोशाख नव्या खात्यात आलेत का ते तपासलं. आले होते. त्याच आठवड्यात त्याने खेळातला नवा पास विकत घेतला.