‘एजंट क्षमस्व’

पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती वाचणाऱ्याला दोन शब्द तोंडपाठ असतात : ‘एजंट क्षमस्व’. सदाशिव पेठेतलं घर विकायला काढणाऱ्याचं दलालावाचून सहसा भागत नाही, आणि त्याला द्यावा लागणारा एक-दोन टक्का मात्र जिवावर येतो. प्रश्नही ठरलेले. टक्का कधी द्यायचा? मूळ कागद दलालाच्या हाती द्यायचे का? घेणाऱ्याच्या वकिलाला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट कशाला हवा? घरावर बोजा नाही, हे आम्ही सांगतोय ना!

पण नुसत्या सांगण्यावर पुण्यात कधीच भागलेलं नाही. विक्रीच्या फायलीतला एकेक कागद म्हणजे कुठल्या ना कुठल्या जुन्या फसवणुकीवर काढलेला तोडगा आहे.

पेशवाईत घरा-जमिनीच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणं हे शहर कोतवालाच्या कामांपैकी एक होतं. नाटकामुळे घरोघरी पोचलेला घाशीराम ज्या पदावर होता, तेच हे पद. खरेदीखत मोडीत लिहिलं जाई. त्यात चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोणाचं घर, दक्षिणेला कोणती गल्ली, आणि खाली साक्षी. साक्षीदार शेजारचाच असला की एकच वाडा दोन सावकारांकडे गुपचूप गहाण टाकणं अवघड. असे मोडी कागद पेठेतल्याच भारत इतिहास संशोधक मंडळात आजही वाचले जातात. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने ही संस्था १९१० मध्ये स्थापन झाली.

इंग्रजी अमलात कोर्ट आलं आणि शेजाऱ्याच्या शब्दापेक्षा दस्ताला वजन आलं. सावकारांनी ते लगेच हेरलं. कर्ज द्यायचं, पण कागद विक्रीचा लिहून घ्यायचा. मुदतीत पैसे फेडले तर मालमत्ता परत, नाहीतर गेली. हीच मुदतखरेदी. नाव खरेदीचं, पोटात गहाण. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन, दस्तावर विक्री लिहिलेली असली तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता का, हे तपासण्याची मुभा कोर्टाला मिळाली.

शहरातल्या घरांना लागू झाला तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. मुदतखरेदीला गहाण म्हणायचं असेल, तर परतीची अट त्याच दस्तात हवी, असं त्यात १९२९ मध्ये घातलं गेलं. त्यामुळे ‘अट आपण वेगळ्या चिठ्ठीवर लिहू’ असं म्हणणाऱ्यापासून घरमालकाने चार पावलं लांब राहावं, हा सल्ला वकील तेव्हापासून देत आले.

स्वातंत्र्यानंतर वाड्यांचे खरेदीदारच आटले. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूंसकट वाडा घेणार कोण? पुढे वाडे पाडून मालकी हक्काचे फ्लॅट उभे राहिले आणि गृहकर्ज घरोघरी आलं.

त्याबरोबर नवी पळवाटही आली. बँकेत मूळ कागद ठेवले की गहाण पुरं. वेगळा नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही. म्हणून दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक २ मध्ये ते दिसत नसे. मूळ खरेदीखत एका बँकेत, त्याचीच हुबेहूब रंगीत प्रत दुसरीत, आणि ‘हरवलं’ म्हणून पोलिसांत तक्रार देऊन काढलेली नक्कल तिसरीत. अशा घरावर तिघांचं कर्ज आणि चौथा गिऱ्हाईक. त्यावर २०११ मध्ये ‘सेरसाई’ ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत निबंधकाकडे देणं कर्जदारावर बंधनकारक झालं. प्रामाणिक विक्रेत्याचा घोळ वेगळाच असतो : हप्ते फिटले, पण मिळकत पत्रिकेवरचा बोजा उतरवायचा राहिला.

दलालाकडे कायद्याचं लक्ष सर्वांत उशिरा गेलं. महारेरा हे राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण १ मे २०१७ ला सुरू झालं, तेव्हा नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांना नोंदणी लागू झाली. २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. पेठेतल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतीतला फ्लॅट फिरवणारा दलाल बहुधा या चौकटीबाहेरच राहतो. त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाचा वकील म्हणूनच पेपरात जाहीर नोटीस देतो, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की...’, आणि हरकतींची वाट पाहतो. हरकत आली नाही की दस्त तयार होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या त्या दस्तातही इमारतीखालच्या जागेची चतुःसीमा असते, आणि मिळकत गहाण, दान, जप्ती, पोटगी, अन्नवस्त्र यांपैकी कशातही गुंतलेली नाही, असं विकणारा सही करून लिहून देतो.