ताटातला फरक : अलियानंतरच्या पहिल्या वर्षांतील आपले जेवण

आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरुवात करतो, मग दाविद रहाबी, मुंबईतील सिनेगॉग आणि शेवटी अलिया. या साऱ्या हकिकतीत स्वयंपाकघर क्वचितच येते. खरे पाहिले तर आपली ओळख टिकवण्यात चुलीचा वाटा मोठा होता, आणि इस्राएलमध्ये आल्यावर पहिला धक्काही चुलीलाच बसला.

परंपरा अशी सांगते की रहाबी कोकणात आले, तेव्हा शनिवारी काम बंद ठेवणारे हे तेली लोक यहुदीच आहेत की काय, याची त्यांना परीक्षा पाहायची होती. त्यांनी बायकांपुढे सर्व तऱ्हेचे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढून तेवढेच रांधले. पोथ्या गेल्या होत्या, हिब्रू गेली होती, उरला होता शमा आणि उरले होते खाण्याचे नियम. सणांची जुनी नावेसुद्धा पाहा : खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण, अनाशी ढाकायचा सण. तिशा बेआवचा उपास वालाच्या बिरड्यावर सुटे, म्हणून तो बिरड्याचा सण. मांसाबरोबर दुधाचे काही चालत नाही, म्हणून रश्शाला दाटपणा नारळाच्या दुधाने यायचा आणि जेवणानंतरचा हलवाही त्याच दुधाचा. शेजारधर्म म्हणून बहुतेक घरांत गोमांस शिजत नसे. म्हणजे आपल्या ताटात तोराही होती आणि कोकणही होते.

1948 नंतर आपली माणसे हे ताट मनात घेऊन इकडे आली. तेव्हा देशात ‘त्सेना’ म्हणजे काटकसरीचा काळ चालू होता. एप्रिल 1949 मध्ये सुरू झालेले हे रेशनिंग हळूहळू सैल होत 1959 पर्यंत चालले. मुंबईकरांना रेशन नवे नव्हते. महायुद्धात 1943 पासून मुंबईत रेशनकार्ड होतेच. पण मुंबईच्या कार्डावर तांदूळ मिळे, थोडा का होईना. इथल्या कुपनांवर साखर, तेल, मार्गारीन. अंड्याऐवजी अंड्याची भुकटी. ताज्या मासळीऐवजी बर्फात गोठवलेल्या कॉड माशाचे तुकडे. पापलेटाचे डोके आमटीत हवेच असे मानणाऱ्या घरात बिनडोक्याचा, बिनकाट्याचा, बिनवासाचा तो तुकडा पाहून काय वाटले असेल, हे वाचकांना सांगायला नको.

तांदळाची टंचाई सगळ्यांनाच होती. विशेषतः पूर्वेकडून आलेल्या लोकांची ती गरज ओळखून पंतप्रधान बेन गुरियन यांनी ओसेम कंपनीला गव्हापासून भातासारखा पदार्थ करायला सांगितले आणि 1953 च्या सुमारास ‘प्तितिम’ बाजारात आले. लोक त्याला बेन गुरियनचा तांदूळ म्हणू लागले. दिसायला दाणा तांदळाचा, पण तोंडात घातला की शेवयांचा भाऊ. आज नातवंडे ते आवडीने खातात; आमटी-भातावर वाढलेल्या पिढीला मात्र ती भाताची आठवण वाटली, भात नव्हे.

बेरशेबा, येरुहाम, दिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा ठिकाणी आपली वस्ती झाली. पुरुष कारखान्यांत, रेल्वेत, बांधकामावर लागले. बायकाही कामाला निघाल्या. कामाच्या ठिकाणच्या खदार ओखेलमध्ये सकाळीच कच्ची काकडी-टोमॅटो, आंबट लेबेन, खारे झैतून आणि पाव पुढे येई. सकाळी गरम चपाती आणि चहाची सवय असलेल्या माणसाला हे जेवण थंड आणि बेचव लागे. पोलंड-रुमानियाचे सोबती खारवलेला हेरिंग मासा कच्चाच खात, तो पाहून आपली माणसे तोंड फिरवत. आपल्या सुक्या मासळीचा वास आला की तेच सोबती खिडक्या लावून घेत. दोघेही खारवलेल्या मासळीचेच भोक्ते होते. फरक होता तो चुलीवर भाजण्याचा.

या फरकाची एक कडू बाजूही होती. 1951-52 मध्ये आपल्या काही कुटुंबांनी भारतात परत पाठवा म्हणून तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि 1952 साली सुमारे दीडशे जण विमानाने मुंबईला परतले. त्यांच्या तक्रारी घराच्या, कामाच्या आणि वर्णभेदाच्या होत्या. त्यांतच एक तक्रार पावाची होती : गोऱ्यांना पांढरा आणि आम्हाला काळा. त्या टंचाईत काळा पाव सर्रास होता हे खरे. पण अपमान झालेल्या माणसाला घासातही रंग दिसतो. पुढे त्यांतले बरेच जण पुन्हा इकडे आले. दहा वर्षांनी, 1962 मध्ये, लग्नाच्या वेळी आपल्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम निघाला आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतला आपल्या बाजूने ठराव करावा लागला. ज्यांच्या आज्यांनी कोकणात मासे निवडून आपले यहुदीपण दाखवले होते, त्यांच्याकडे इथे पुन्हा पुरावा मागितला गेला.

अशा वेळी शेजार कामाला आला. 1950-51 मध्ये इराकहून सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते. त्यांच्याकडे एक पिवळे, आंबट, मेथीच्या वासाचे लोणचे होते आणि त्याचे नाव होते ‘अंबा’! शब्द आपला, फळही आपले. मुंबई आणि बगदाद यांमधल्या व्यापाऱ्यांबरोबर ते तिकडे गेले होते. येमेनी शेजारणीचा हिरवा ‘स्खुग’ म्हणजे मिरची, लसूण आणि कोथिंबीर, आपल्या ठेच्याचीच बहीण. तिचे ‘हिल्बे’ म्हणजे आपली मेथी. चिंच इराकी दुकानात सापडली. वांगी तर त्या काळात मुबलक. अश्केनाझी शेजारीण त्यांची खोटी कलेजी करी, आपण भरीत करीत होतो.

खरी कसोटी सणांची होती. हलवा म्हटले की इथे तिळाचा हलवा पुढे येई. रोश हशानाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवायचा, तर ओला नारळ कुठे? मग सुके खोबरे गरम पाण्यात भिजवून पिळले आणि चिकाऐवजी कॉर्नफ्लोर आले. किद्दूशसाठी इथे वाइन सहज मिळे, तरी काही घरांत काळ्या मनुकांचे शरबत चालूच राहिले. पेसाखात अश्केनाझी तांदूळ शिवत नाहीत, आपल्याला तो चालतो. या एका गोष्टीवर नव्या सोयरिकीत केवढे वाद झाले! मलिद्याचे पोहे मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या ट्रंकेतून येत आणि एलियाहू हानाबीच्या नावाने जपून ठेवले जात. खजूर आणि संत्री मात्र इथे भरपूर, त्यामुळे मलिद्याचे तबक कधी रिकामे दिसले नाही.

आज नारळाचे दूध डब्यात मिळते, रामल्यात आणि दिमोन्यात पोहे, कोकम, मसाले सारे मिळते. पण ‘होदी’ जेवण म्हणून हॉटेलात जे वाढतात, ते पनीर आणि नान, जे आपल्या आजीच्या चुलीवर कधी चढले नाही. नातवंडे त्यालाच आपले समजतात, कारण दुसरे काही लिहिलेले त्यांच्या हाती नाही.

म्हणून ज्येष्ठ वाचकांना, विशेषतः भगिनींना, विनंती आहे. नुसती अस्सल कृती लिहू नका. कोणत्या साली, कोणत्या गावी, कशाच्या ऐवजी काय घातले आणि ते कोणी सुचवले, तेही लिहा. मराठीत लिहा, हिब्रूत नातवंडांकडून करून घ्या. कॉर्नफ्लोरचा तो हलवा आपल्या अलियाचा दस्तऐवज आहे, आणि तो करणारे हात आता थोडेच उरले आहेत.