कात्रीवांचून कापलेला आवाज

लिहिलेला शब्द खोडतां येतो. पण मुखांतून निघालेला शब्द परत घेतां येत नाहीं, असें आपले वाडवडील सांगत आले. ध्वनिमुद्रणाच्या फितीनें या वचनाला पहिला धक्का दिला. नभोवाणीचा संपादक धारदार पात्यानें फीत कापी, नको तो तुकडा काढी व उरलेलीं टोकें चिकटपट्टीनें जोडी. पण ही विद्या थोड्यांच्याच हातीं होती.

ती घरांत कशी शिरली, तें पाहूं. १९८४ सालीं अमेरिकेंत ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक विक्रीस आला. पुढल्याच वर्षीं पीटर गॉचर व इव्हान ब्रूक्स यांच्या डिजिडिझाइन संस्थेनें त्यासाठीं 'साउंड डिझायनर' ही आज्ञावली काढली. 'एम्युलेटर २' या वाद्यांत साठविलेला ध्वनि तिच्या योगें पडद्यावर लहरींच्या रूपानें उमटूं लागला. जें केवळ कानांनीं शोधावयाचें, तें डोळ्यांना दिसूं लागलें!

संगणक आवाजाचीं मापें सेकंदाला हजारों वेळां घेऊन तीं अंकरूपानें साठवितो. कापणें म्हणजे त्यांतील कांहीं अंक वगळणें. सेकंदाला २२,००० मापें व प्रत्येकास एक बाइट धरला, तर पहिल्या मॅकिंटॉशची १२८ किलोबाइट स्मृति सहा सेकंदांच्या आंतच भरून जाईल. म्हणून मोठ्या तबकडीची जोड आवश्यक झाली. १९८९ च्या 'साउंड टूल्स'नें सरळ तबकडीवरच मुद्रण सुरू केलें. पुढें डॉमिनिक माझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनीं १९९९ मध्यें आरंभिलेली 'ऑडॅसिटी' २००० सालीं सर्वांस विनामूल्य मिळाली.

परंतु या सोयीबरोबर एक जोखीमही आली. फितीवरील सांधा निरखून पाहणाऱ्यास दिसे. अंकांचा सांधा सहसा दिसत नाहीं. आपल्या भाषेंत तर नकार बहुधा वाक्याच्या शेवटीं येतो. 'हें मी केलें नाहीं' यांतील अखेरचा एक शब्द वगळा, कीं इन्काराची कबुली झाली!

यावर उपायही याच विद्येनें दिला आहे. फितीची प्रत मूळापेक्षां थोडी फिकी उतरे. अंकांची प्रत मूळासारखीच हुबेहूब निघते. तेव्हां आजोबांचा आवाज असो वा सभेंतील भाषण, कापावयाची ती प्रत कापावी. मूळ मात्र अखंड जपावें. वाद उपस्थित झाला, तर साक्ष द्यावयास तेंच उभें राहील.